रोज दोन चपात्या

हिंगाच्या डबीत हिंग थोडा आणि मैदा जास्त असतो. डबीवर तसं छापलेलं असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

शेंगापोळीची चव मला विचारू नका. वास विचारा.

आमच्या तालुक्याच्या कोर्टात पंखा लावला की कागद उडायचे आणि बंद केला की वकील चिडायचे.

ज्वारीत गव्हाचा दाणा पडला तर तो ओळखू येतो. लांबट असतो, पोटावर चीर असते. ज्वारी गोल. परातीत पसरून एका बोटाने ढकलत जायचं. घाई केली की निसटतो.

‘निरोगी’. आयुष्यात मला मिळालेली पहिली शिवी.

आता सांगते.

*

“बाई, तुम्ही भाकरी खाता?”

“खाते.”

“मुलगी?”

“ती पण खाते.”

“मीही खातो. साहेबही खात असतील. या तालुक्यात भाकरी कोण खात नाही? मग तुमच्या मुलीच्याच भाकरीला महिन्याला अठराशे रुपये जादा कशाला? सोन्याचा वर्ख लावता का?”

लोक हसले. अप्पाही हसले. अप्पा म्हणजे माझे वडील. पुढच्या बाकावर पांढरा शर्ट घालून बसले होते, हसताना तोंडावर रुमाल धरला होता. हसले ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

प्रश्न विचारणारे धोत्रे वकील अप्पांचे. पिंजऱ्यात उभी असलेली माझी आई, महानंदा. मी मागच्या बाकावर, अकरा वर्षांची, मांडीवर डबा घेऊन. बाहेरचं काही खायचं नसल्यामुळे मी कुठेही गेले तरी डबा माझ्याबरोबर असायचा. कोर्टात, लग्नात, मयतीलाही.

पोटगीचा दावा होता. आई आणि मी मिळून महिना दीड हजार, यावर अप्पा तयार होते. भांडण वरच्या अठराशेचं होतं. दाव्यात त्याला नाव होतं ‘मुलीचा विशेष आहार’. मला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. गहू पोटात गेला की माझ्या आतड्याचं आतलं अस्तर झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही. गहू सोडायचा, जन्मभर, चिमूटभर पिठासकट. पाचव्या वर्षी सोलापूरच्या एका डॉक्टरांनी हे शोधून काढलं होतं.

घर का मोडलं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात माझ्या पोटाचा वाटा किती, ते मला अजून मोजता आलेलं नाही.

“अठराशे कसे होतात ते सांगा बाई. एकेक सांगा, आम्हाला घाई नाही.”

“घरघंटीचा हप्ता आहे. सोलापूरला तपासणीला जायचं भाडं. रक्ताच्या गोळ्या. खडा हिंग…”

“थांबा. घरघंटी. गावात गिरणी नाही?”

“आहे. गिरणीत आमच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. तो दगडात राहतो. आमची ज्वारी टाकली की आधी त्याचंच पीठ पडतं.”

“ते सगळ्यांचंच पडतं! माझी बायको गिरणीवाल्याशी रोज भांडते, बाजरीवर आमचा गहू दळू नको म्हणून. चपात्या काळ्या होतात म्हणे. पण त्यासाठी ती कधी कोर्टात आलेली नाही.”

पुन्हा हसू. जज्जसाहेब खाली बघून लिहीत होते. थकलेला माणूस होता, दर थोड्या वेळाने चष्मा काढून डोळे चोळायचा.

“जातं नाही का घरात? आपल्या आया जात्यावरच दळायच्या.”

“तुमच्या घरी आता कोण दळतं साहेब?”

“प्रश्न मी विचारतोय बाई.”

“मी परकर शिवते. दिवसभर मशीन चालवली तर खोलीचं भाडं निघतं. दळायला बसू का शिवायला?”

“बरं, घरघंटी आहे. मग चार दळणं शेजाऱ्यांची घेत असाल. तेवढाच धंदा.”

“नाही घेत. त्यांचा गहू आला की यंत्र बाटलं. मी नाही म्हणते, म्हणून वाड्यातल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत.”

“अरेरे. त्याचेही पैसे धरलेत का अठराशेत?”

“धोत्रे,” जज्जसाहेब म्हणाले.

“सॉरी साहेब.”

पण आई वकिलाकडेच बघत होती. “नाही धरले. कसे धरायचे सांगा, धरते.”

धोत्र्यांनी कागद उलटला. “ज्वारी निवडते, दाणा न् दाणा, असं लिहिलंय तुम्ही. निवडायला काय लागतं? वेळच ना?”

“वेळच.”

“वेळेचे पैसे पडतात का?”

“तुम्ही एका तारखेचे किती घेता?”

या वेळी हसू आमच्या बाजूचं होतं. जज्जसाहेबांनीही चष्मा काढला. आमच्या मुलाणी वकीलबाईंनी फाईल तोंडासमोर धरली. अप्पांचे खांदे हलले नाहीत.

*

इथे मला थांबायचंय. कारण इथपर्यंत आई जिंकत होती.

गेल्या वर्षी मला एका मुलीचा फोन आला होता. पाहणी चालली होती कसलीशी, अशा आजाराच्या माणसांना महिन्याला किती जादा खर्च येतो याची. आवाज गोड होता. “ताई, अंदाजे एक आकडा सांगा.” मी म्हटलं, धान्याचा सांगू का लग्नात उपाशी बसल्याचा? ती म्हणाली, “आमच्याकडे पर्याय आहेत ना ताई. किराणा, औषधं, प्रवास, इतर.” मी म्हटलं, ‘इतर’मध्ये किती मावतं? ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

परत कोर्टात.

*

धोत्र्यांचा आवाज मऊ झाला. “बरं, आता मुलगी कशी आहे? तब्येत?”

आमच्याकडे आई आपल्या लेकराची तब्येत चांगली आहे असं तोंडाने म्हणत नाही. बाळसं धरलेल्या पोराच्या गालाला काजळ लावते आणि विचारलं तर “कसलं काय, खातच नाही” म्हणते. माझी आईही तशीच. कधी कौतुक नाही. त्या दिवशी मात्र भरल्या कोर्टात, हसणाऱ्या माणसांसमोर, तिला आपण केलेलं काम कुणाला तरी दाखवावंसं वाटलं असावं. तिने पिशवीत हात घातला. घडी केलेला कागद काढला.

“चांगली आहे साहेब. हे बघा ना. मागच्याच महिन्यात रक्त तपासून आणलं. सगळं नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले, महानंदाबाई, इतकं काटेकोर कुणी पाळत नाही.”

मुलाणीबाई अर्ध्या उठल्या. “ताई…”

धोत्र्यांनी तो कागद दोन बोटांनी घेतला. प्रसाद घ्यावा तसा.

“नॉर्मल आहे?”

“हो. नॉर्मल आहे कारण मी…”

“हो किंवा नाही. मुलीचा रिपोर्ट नॉर्मल आहे?”

“आहे, पण त्याचं कारण…”

“साहेब, अर्जदारानेच हजर केलेला कागद आहे, दाखल करून घ्यावा. मुलगी निरोगी आहे.” मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. “डोळ्यांनीच बघा की. गुटगुटीत, निरोगी मुलगी आहे. आजार आहे कुठे?”

“पहिला रिपोर्ट आहे,” आई म्हणाली. “पाच वर्षांची असतानाचा. त्यांच्या घरी राहिला. कपाटात. तेव्हाचे डॉक्टर वारले, त्यांच्या दवाखान्यातले कागदही गेले.”

“आमचे पक्षकार म्हणतात, असा कुठला रिपोर्ट त्यांच्याकडे नाही.”

अप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते.

आईने मला जितकं नीट ठेवलं होतं तितका माझा आजार कागदावरून पुसला गेला होता. जज्जसाहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या, त्यांचा अहवाल येऊ द्या, मग बघू. सगळ्यांना ते रास्त वाटलं. मलासुद्धा.

*

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने आईचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग पेन खाली ठेवलं.

“आत्ता रक्त घेऊन उपयोग नाही. गहू बंद असला की टेस्टमध्ये काही दिसत नाही.”

“मग?”

“गहू द्यावा लागेल. रोज दोन चपात्या. सहा आठवडे, शक्य तर आठ. मग रक्त घेऊ.”

आईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “हिला?”

“हो.”

“हिला त्रास होईल.”

“होईल.” डॉक्टर माझ्याकडे बघायचं टाळत होती. “त्रास झाला तरच टेस्ट येते. तुम्ही मला डॉक्टर म्हणून विचाराल तर मी देऊ नका म्हणेन. पण कोर्टाने विचारलंय, आजार आहे की नाही सिद्ध करा. सिद्ध करायचं असेल तर हाच रस्ता आहे.”

“दुसरं काहीच नाही?”

“पहिला रिपोर्ट मिळाला तर बघा.”

बाहेर लिंबाच्या झाडाखाली मुलाणीबाई स्कूटरला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि सरळ हिशेबाला लागल्या.

“ताई, दीड महिना. मिळालं तर पोरगी अठराची होईपर्यंत मिळेल.”

“आणि तिचं आतडं?”

“परत भरून येतं म्हणाली ना डॉक्टर?”

“भिंत परत बांधता येते म्हणून पाडायची?”

“मला मजा वाटतेय का हे सांगताना?” मुलाणीबाई एकदम ओरडल्या. दवाखान्याच्या पायरीवरची माणसं बघायला लागली. “घरघंटीचे दोन हप्ते थकलेत. तिसरा चुकला की दुकानदार उचलून नेईल, त्याने लेखी दिलंय. मग गिरणीवर जाणार तुम्ही. मग रोज थोडा थोडा गहू तिच्या पोटात जाणारच आहे, वर्षानुवर्षं. एकदाच जास्त की रोज थोडा? सांगा, यातलं बरं कुठलं? मला नाही सांगता येत. तुम्ही सांगा!”

आईने माझ्या हातातला डबा आपल्या पिशवीत ठेवला.

“मी खाते,” मी म्हटलं.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. आईला वाटलं मी शहाणी आहे. मुलाणीबाईंना वाटलं मी शूर आहे. मला चपाती खायची होती.

*

चपाती आमच्या खोलीत करता येत नव्हती. कणीक उडते. पोळपाटावर, भिंतीवर, चिमट्यावर, सगळीकडे बसते. मग ती खोलीही बाटली. म्हणून आई वाड्यातल्या सुगलाबाईच्या दारात गेली. याच सुगलाबाईचं दळण आईने परत पाठवलं होतं.

“आमचं दळण चालत नव्हतं,” सुगलाबाई म्हणाली. “चपात्या चालतात होय?”

“दीड महिना करून द्या. पीठ मी आणून देते.”

“का गं? बरी झाली पोरगी?”

“नाही. बरी आहे म्हणून कोर्टाला पटत नाही.”

सुगलाबाईला यातलं काही कळलं नसावं. पण तिने तवा ठेवला. मी तिच्या उंबऱ्यात बसले. आई समोर उभी राहिली, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

चपाती मऊ होती. भाकरी तोंडात भांडते, ती भांडत नव्हती. पदर सुटत होते. तेलाचा वास, भाजल्याचा वास. मी पहिली चपाती भाजी न लावताच संपवली. दुसरी सावकाश खाल्ली. तिसरी मागितली.

“दोनच,” आई म्हणाली.

“दे की गं,” सुगलाबाई म्हणाली, “लेकरू कसं खातंय बघ.”

“दोनच सांगितल्यात.”

*

पहिले काही दिवस: काहीच नाही.

“बघ,” सुगलाबाई म्हणाली, “उगीच बाऊ करत होतीस.” आईच्या तोंडावर मी त्या वेळी जे बघितलं त्याला नाव देता येत नाही. काही होत नव्हतं म्हणून तिला बरं वाटत होतं आणि काही होत नव्हतं म्हणून ती घाबरत होती.

मग पोट.

मग शाळेत प्रार्थनेच्या वेळी खाली बसणं. बाईंनी विचारलं, नाश्ता केलास का? केलाय, चपाती खाऊन आलेय. शाब्बास.

मग तोंडात फोड. मग तिखट नको, मग मीठ नको. मग पोट फुगलेलं आणि हात बारीक. फ्रॉकची कंबर लागेना आणि बाह्या सैल.

“दुखतंय का?” आई रोज विचारायची.

“नाही.”

घरघंटी खोलीच्या कोपऱ्यात होती. आईने तिला जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती. मी तिच्याकडे बघायचे आणि नाही म्हणायचे. वर्गात दोन-दोन तासांनी पळावं लागायचं. एकदा पोचले नाही. ती चड्डी मी मोरीमागच्या बोळात, पत्र्याखाली लपवली. दुसरीही. आणखी.

मांजराने ओढून काढली म्हणा किंवा वासाने म्हणा, आईला सापडलं. ती बोळातून आली तेव्हा तिच्या हातात तो सगळा गठ्ठा होता.

“हे कधीपासून?”

मी बादलीकडे बघितलं.

“कुणी सांगितलं तुला लपवायला? मुलाणीबाईंनी?”

“कुणी नाही.”

“मग?”

“सहा आठवडे झाले नाहीत अजून.”

तिने मला मारलं. एकच. जन्मात एकदाच. मग तिने तो गठ्ठा बादलीत टाकला, साबण घेतला आणि ज्या जोराने धुवायला लागली त्याने बादली सरकत सरकत दारापर्यंत गेली. त्या दिवशी सुगलाबाई चपात्या घेऊन आली तेव्हा आईने त्या तिच्या हातातून घेतल्या, कपड्यात बांधल्या आणि फळीवर ठेवल्या. मला भात दिला.

दुसऱ्या दिवशी तारीख होती.

*

तारीख नुसती अहवाल आला का हे बघायची होती. शिपायाने नाव पुकारलं. मुलाणीबाई बोलायला उठल्या तेवढ्यात आई त्यांच्या पुढे गेली, पिंजऱ्यात नाही, थेट साहेबांच्या टेबलापाशी. कपड्याची गाठ सोडली.

“हे काय आहे?” जज्जसाहेब म्हणाले.

“चपात्या. दोन. डॉक्टर म्हणाल्या, रोज दोन घाला म्हणजे आजार दिसेल. मी घातल्या. आता हिला इथे घालते. तुम्ही सगळे बघा.”

“बाई, हे इथे चालणार नाही.”

“माझ्या घरात चालतं आणि इथे का नाही?”

“साहेब, हा कोर्टाचा अवमान…” धोत्रे उठले.

“बसा,” जज्जसाहेब म्हणाले.

“आजच्या आज नाही दिसणार साहेब,” आई म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. “थोडं थांबावं लागेल. प्रार्थनेला खाली बसते ते दिसेल. रात्री उठते ते दिसेल. हिने माझ्यापासून कपडे लपवले. अकरा वर्षांची पोर, हप्त्यासाठी. तेही हवं असलं तर आणते, वाळलेत आता. कागद नसतो त्याला, म्हणून आणले नाहीत.”

पंखा बंद होता. कुणीतरी खोकलं. मी मागे बाकावर बसले होते आणि जमिनीत शिरता येतं का बघत होते. मग जज्जसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मागच्या वेळी हीच मुलगी त्यांना निरोगी म्हणून दाखवली होती.

त्यांनी चष्मा काढला.

“बिराजदार,” ते म्हणाले. बिराजदार म्हणजे अप्पा. “उभे राहा.”

अप्पा उठले.

“वकिलांनी बोलू नये. मी यांना विचारतोय. बिराजदार, ही तुमची मुलगी आहे.”

“हो साहेब.”

“पाचव्या वर्षापासूनचा आजार म्हणतात. त्या वेळी तुम्ही एकत्र राहत होता. तुम्ही सांगा. हिला गहू चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही हो म्हणालात तर मला दुसरा कागद नको. टेस्ट नको.”

टाइप करणाऱ्याचे हात यंत्रावर थांबले.

अप्पांनी धोत्र्यांकडे बघितलं. धोत्र्यांनी छताकडे. अप्पांनी रुमाल काढला, हातात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघून हसले. का हसले ते विचारू नका, ते माझे वडील होते.

“मला काही कल्पना नाही साहेब,” अप्पा म्हणाले. “हे सगळं हिच्या आईचं.”

यंत्र वाजायला लागलं.

आईने चपात्या परत कपड्यात बांधल्या. गाठ मारली. घट्ट, दातांनी ओढून.

“लिहा साहेब,” ती म्हणाली. “विशेष आहार मागे घेतला.”

“महानंदाताई!” मुलाणीबाईंनी तिचा दंड धरला. “मुदत मागू या. दुसऱ्या डॉक्टरचं…”

“पुढच्या मुदतीला परत दोन चपात्या. नको. लिहा.”

“विचार केलाय?” जज्जसाहेबांनी विचारलं. “मग परत मागता येणं अवघड जाईल.”

“केलाय.”

“स्वखुशीने मागे घेताय?”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. “तुमच्याकडे दुसरा शब्द असला तर तो लिहा.”

टाइप करणाऱ्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान खाली घातली. त्याने ‘स्वखुशीने’ लिहिलं. तो निकाल माझ्याकडे आहे, तो शब्द त्यात आहे.

व्हरांड्यात धोत्रे पान खात होते. आम्ही जाताना बाजूला झाले, वाट दिली. “बाई,” ते म्हणाले, “राग मानू नका. आमचा धंदा आहे.”

आईने चपात्यांचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. “खा,” म्हणाली. “तुम्हाला चालतात.”

*

घरघंटी पुढच्या महिन्यात गेली. दुकानदाराचा माणूस खोळही घेऊन चालला होता, आईने ती ओढून घेतली. मग काही महिने जातं. मग आईचा खांदा धरला, मशीन चालवता येईना, म्हणून गिरणी.

गिरणीच्या दगडांना अधूनमधून टाकी लावतात. छिन्नीने ठोकून दगड खरखरीत करतात, झाडून पुसून परत बसवतात. त्यानंतरचं पहिलं दळण कुणाला नको असतं, त्यात दगडाची कच येते. गिरणीवाला त्यासाठी कोंडाभुसा दळून फेकून देतो. आई म्हणाली, ते पहिलं दळण माझं. ज्या दिवशी टाकी लागेल त्या दिवशी मला बोलाव, महिन्या-दोन महिन्यांची ज्वारी एकदम आणते. त्या दगडांत त्या दिवशी गहू नसायचा. फक्त दगड असायचा.

भाकरी कचकचायची. उन्हाळ्यात पीठ कडू व्हायचं, तरी तेच. माझ्या दाढा विशीतच झिजल्या. दातांच्या डॉक्टरने विचारलं, तुम्ही काय खाता? मी म्हटलं, भाकरी. तो म्हणाला, भाकरीने असं होत नाही.

अप्पा दीड हजार पाठवत राहिले. कधी चुकले नाहीत. मी अठरा वर्षांची झाले त्या महिन्यात ते बंद झाले, आईच्या वाट्याचेही.

आई आता माझ्याकडे असते. तिला चपाती आवडायची, हे मला फार उशिरा, मामीकडून कळलं. मी तिला म्हटलं, तू बाहेर खात जा की, मी कुठे नको म्हणते. ती म्हणाली, सवय गेली.

अप्पा वारले तेव्हा मी गेले होते. तेराव्याला जेवणाची पंगत होती, चुलत्याने हाताला धरून बसवलं. ताटात खपली गव्हाची खीर वाढली. “घे की लीला,” तो म्हणाला, “अप्पांच्या नावाने दोन घास. दोन घासांनी काय होतंय?”

मी उठले. ताट तसंच ठेवून, सगळी पंगत जेवत असताना. मागून कुणीतरी म्हणालं, आईवर गेलीय.

मी पाच वर्षांची असताना, सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या संध्याकाळी अप्पांनी घरातलं गव्हाचं पोतं सायकलला बांधून मठात नेऊन दिलं, आणि पुढचं वर्षभर आमच्या घरात त्यांनी स्वतःही चपाती खाल्ली नाही.